दोन बोटं

‘आजपासून पाठ चोळायची नाही,’ असं ती मला म्हणाली आणि चोवीस वर्षांची माझी नोकरी एका वाक्यात गेली. तीही माझ्याकडे न बघता. ती त्या वेळी माझ्या नवऱ्याच्या डोक्याखालची उशी सारखी करत होती. नवरा निळ्या गादीवर उताणा, गुडघे दुमडलेले, पायांत मोजे, शर्ट बरगड्यांपर्यंत वर सरकवलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता ही सांगेल ते सगळं आपण करणार. हा भाव मला नवा होता. घरी साधा पंखा बंद करा म्हटलं तर यांना तीनदा सांगावं लागतं. ‘चोळणं वाईट आहे असं नाही हो काकू,’ ती म्हणाली, ‘तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण त्यानं पाठ काही शिकत नाही. काकांच्या पोटातले आतले स्नायू कामच करत नाहीत, म्हणून सगळा भार पाठीवर येतो. ते जागे करायचे. मग पाठ स्वतःला स्वतः सांभाळेल.’ काकू! माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल फार तर. आणि पाठ शिकत नाही म्हणे. म्हणजे इतकी वर्षं मी एका ढ विद्यार्थ्याला तेल लावत बसले होते. समोरच्या भिंतीला भलामोठा आरसा होता. त्यात तीन गाद्या दिसत होत्या, दोन मोठे रबरी चेंडू, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली एक बाई. ती बाई मीच, हे ओळखायला मला क्षण लागला. दर दोन मिनिटांनी ही फिजिओथेरपीवाली पोरगी ‘श्वास रोखू नका’ म्हणायची, म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव श्वासबाई ठेवून टाकलं. नाव ठेवलं की माणूस जरा लहान होतं.

चोळणं म्हणजे काय, हे तिला कसं कळावं! माझा नवरा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक, वर कागदी पॅटर्न, आणि त्यावर दिवसभर वाकलेला माणूस. टेबल आधीच्या मास्तरच्या उंचीचं, आणि तो होता बुटका. चार पायांखाली चार ठोकळे घातले असते तर भागलं असतं. पण यांनी कधी मागितले नाहीत, आणि न मागता द्यायला तो कारखाना आहे, माहेर नव्हे. लग्नानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी हे कामावरून आले ते दारातच कमरेवर हात ठेवून उभे राहिले. चपला काढायला वाकता येईना. मी खाली बसून चपला काढल्या, यांना पालथं झोपवलं, पळीत तेल कोमट केलं आणि तळहाताची टाच मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली नेली. तेव्हापासून रोज. संध्याकाळी पलंगावर जुना टॉवेल पसरायचा, तेल कोमट करायचं, आणि पाठ मोकळी व्हायला लागली की हे बोलायला लागायचे. एरवी तोंडाला कुलूप. समोर बसलेल्या माणसाशी माझा नवरा हवापाण्यापलीकडे बोलत नाही, पण उशीत तोंड खुपसलं की त्याला बोलता येतं. वडील गेले तेव्हा रडू आलं नाही याची यांना अजून लाज वाटते, हे मला यांच्या पाठीकडूनच कळलं. आम्हाला मूल झालं नाही, त्याबद्दल हे आयुष्यात एकदाच बोलले, तेही पालथेच. लग्नाआधी बटणांच्या काउंटरवरची एक मुलगी यांना आवडायची आणि बटणं मोजताना ती ओठ हलवायची, हेही असंच बाहेर आलं. त्या दिवशी मी अंगठा असा रुतवला की हे ‘अगं!’ म्हणून ओरडले. ‘गाठ आहे तिथं,’ मी म्हटलं. बटणवाली पुढं कुठं गेली, मेली की जगली, मला ठाऊक नाही. पण अठरा वर्षं मी तिच्यावर जळत आले आणि रोज अंगठ्यानं थोडी थोडी तिला यांच्या पाठीतून काढत आले.

‘कमरेच्या पुढच्या बाजूला ही दोन हाडं लागतात ना, त्यांच्या जरा आत,’ श्वासबाई सांगत होती, आणि तिची दोन बोटं माझ्या नवऱ्याच्या पोटावर होती. ‘श्वास सोडा. आता बेंबी हळूच आत, पाठीकडे. जोर नको. मान सैल. घट्ट पँटची चेन लावताना पोट आत घेतो तसं, पण त्याच्या पावपटच. दहा मोजेपर्यंत धरायचं, आणि श्वास रोखू नका.’ बोटांखाली फुगवटा आला तर चूक, असं तिनं मला सांगितलं. आतून हळूहळू ताण आला, ताणलेल्या कापडावर बोट ठेवल्यासारखं लागलं, तर बरोबर. कापडाचं उदाहरण तिनं आमच्यासाठी मुद्दाम दिलं असणार, तेही मला खुपलं. हे जमलं की मग पाठीवर झोपून कंबर उचलायची, मग हातागुडघ्यांवर येऊन एक हात आणि त्याच्या उलट बाजूचा पाय ताणायचा, मग उभ्यानं. सगळं चित्रं काढून कागदावर दिलं होतं. ‘पण पहिलं नीट आल्याशिवाय पुढचं नाही,’ ती म्हणाली. ‘पाया आहे तो. आठ-दहा दिवसांत येतं. सहा आठवड्यांत अर्धा दिवस टेबलाशी उभे राहाल. मी आता तीन आठवडे सुट्टीवर आहे, तोवर घरी करा.’ यांनी विचारलं, ‘पण आलं की नाही ते मला कसं कळणार?’ ‘सुरुवातीला नाहीच कळत. घरी कुणी बोटं ठेवणारं आहे?’ तेव्हा कुठं यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ‘ही आहे ना. हिच्या बोटांखालून आमच्या कारखान्यात एक टाका चुकीचा जात नाही.’ असं कौतुक माझ्या तोंडावर यांनी कधी केलं नव्हतं. मी अर्धं मिनिट सगळं विसरले. मग तिनं पुन्हा बोटं ठेवली, म्हणाली, ‘आत्ता जरासं आलं बघा. छान!’ आणि माझा नवरा छताकडे बघून हसला. यांची पाठ दुखायची ती चोवीस वर्षांपासून. माझं पोट दुखायला लागलं ते त्या ‘छान’पासून.

बोटांचं मात्र खरं आहे. मी चेकर. शिवून आलेला प्रत्येक पीस ट्यूबलाइटखाली माझ्या टेबलावर येतो आणि डोळ्यांआधी माझी बोटं त्यावरून फिरतात, कॉलरच्या टोकावरून, बाहीच्या जोडावरून, काखेतून. खोट लागली की लाल बाणाचं स्टिकर, आणि पीस परत. यांनी कापलेलं कापड शेवटी माझ्याच हाताखालून जातं, आणि बावीस वर्षांत मी यांना नवरा म्हणून एका दोऱ्याची सूट दिलेली नाही. कफ सुताभर कमी कापला गेला, परत. हे येऊन बघत, ‘बरं’ म्हणत आणि उचलून नेत. मॅनेजर एकदा थट्टेनं म्हणाला, ‘मास्तर, बायकोशी भांडा की जरा!’ तर हे म्हणाले, ‘तिनं नाही म्हटलं म्हणजे नाही.’ आमच्या कामात एक गंमत आहे. खोटा पीस पास केला तर चेकरची खैर नसते. गिऱ्हाइकाकडून परत आला की सगळा कारखाना डोक्यावर घेतात. पण चांगला पीस परत पाठवला तर कुणी हूं की चूं करत नाही. शिवणारी मुकाट्यानं उसवते आणि पुन्हा शिवते. मी तसं कधी केलं नव्हतं. करता येतं, एवढं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी हे स्वतः जाऊन गादी घेऊन आले. निळीच. बाजारात हिरवी होती, करडी होती, पण निळी हवी होती. पलंगावरचा टॉवेल घडी करून कपाटात गेला आणि संध्याकाळी आम्ही दोघं फरशीवर आलो, हे उताणे, मी शेजारी गुडघ्यांवर, दोन बोटं हाडाच्या आत. पहिले काही दिवस खरोखरच काही येत नव्हतं. कधी फुगवटा यायचा, कधी श्वास अडकायचा, कधी नुसतं पोट, नवऱ्याचं पोट, बाकी काही नाही. मी कागदावर फुली मारायची. खरं सांगते, मला बरं वाटायचं. वाईट एकाच गोष्टीचं वाटायचं, की हे बोलत नाहीत. पालथा माणूस बोलतो, उताणा माणूस नुसता मोजतो. एक, दोन, तीन, दहापर्यंत, मग सुस्कारा, मग पुन्हा एक. मी त्या दिवसांत कारखान्यात काय झालं ते सांगायला लागले तर हे हात वर करायचे, मोजणं चुकतं म्हणून. माझे तळहात रिकामे पडले होते. संध्याकाळ झाली की आपोआप गरम व्हायचे, दूध पाजायच्या वेळी आईला होतं म्हणतात तसं काहीतरी व्हायचं त्यांना, आणि मी ते पदराला पुसत राहायची. सातव्या दिवशी यांना कळ आली. भिंतीला धरून उभे होते. मी मागून जाऊन हळूच म्हटलं, ‘चोळू का जरा? जराशीच.’ तेलाची बाटली माझ्या हातातच होती. ‘नको,’ हे म्हणाले, ‘बाईंनी नको म्हटलंय.’ कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात. ही तर माझ्या स्वयंपाकघरात न येताच तिखट झाली होती.

नवव्या दिवशी आलं. समोरच्या इमारतीच्या काचांवरचं ऊन परतून आमच्या फरशीवर पडतं ती वेळ. बोटं जागेवर होती, मन भलतीकडे, आणि बोटांखाली काहीतरी झालं. हललं म्हणता येणार नाही. खोल आत कुणी चादरीची दोन टोकं धरून सावकाश ताणावीत तसं झालं आणि ते तिथंच राहिलं. फुगवटा नाही, थरथर नाही, श्वास चालू. दहापर्यंत. इतकं सफाईदार की माझी बोटं मला न विचारता म्हणाली, पास. या माणसाची पाठ मला तळहातासारखी पाठ आहे असं मी समजत होते, आणि त्याच्याच अंगात हे असं काही आहे ते मला माहीत नव्हतं. एका परकीनं येऊन अर्ध्या तासात शोधलं. यांचे डोळे मिटलेले होते. ओठांच्या कडेला तेच हसू, छताकडे बघून हसले होते ते. ‘आलं का गं?’ यांनी विचारलं. ‘मला काहीतरी निराळं वाटलं. बाई म्हणाल्या होत्या, असं वाटेल.’ बाई म्हणाल्या होत्या. हे तीन शब्द निघाले नसते तर पुढचं काही झालं नसतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण खरं ते असं की मी दुसरं निमित्त शोधलं असतं. ‘नाही,’ मी म्हटलं. ‘नाही आलं.’ यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, पकडली गेले. ‘बरं,’ हे म्हणाले. ‘पुन्हा.’

पहिलं खोटं घशात अडकलं, दुसरं सरळ उतरलं, आणि आठवड्याभरात मी फुली आधी मारायची आणि बोटं मागून ठेवायची. यांच्या कपाळावर घाम यायला लागला. ते हसू गेलं. ‘कुठं चुकतंय?’ हे विचारायचे, आणि मी सांगायची, मान ताठ आहे, खांदे वर येताहेत, अजून थोडं आत. काहीतरी सांगायची. आणि हे ऐकायचे. दिवसातला अर्धा तास हा माणूस पुन्हा सगळाच्या सगळा माझ्या दोन बोटांखाली आला होता. एकदा उताण्यानंच म्हणाले, ‘मला नाही जमणार बहुतेक हे,’ आणि मी यांच्या केसांवरून हात फिरवून म्हटलं, ‘जमेल हो.’ इतक्या मायेनं म्हटलं की माझं मलाच खरं वाटलं. आणि दिवसा मी कारखान्यात यांचं टेबल बघत होते. हे रजेवर, म्हणून त्यावर पांढरं कापड टाकून ठेवलं होतं. मॅनेजरनं स्वच्छ सांगितलं होतं, पहिल्या तारखेपर्यंत वाट बघतो, मोठी ऑर्डर आहे, तोवर मास्तर अर्धा दिवस तरी उभे राहिले पाहिजेत, नाहीतर दुसरा माणूस घ्यावा लागेल. टेबल गेलं तर यांच्यात काय उरेल, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! रोज घरी जाताना ठरवायची, आज हो म्हणायचं. आज नाहीतर उद्या नक्की. आणि रोज गादीशी गुडघे टेकले की वाटायचं, आज हो म्हटलं की उद्यापासून कंबर उचलणं, परवा हात-पाय, मग उभ्यानं, आणि त्यातल्या एकालाही माझी बोटं लागत नाहीत. चित्रांत एकटाच माणूस होता. गुडघे टेकताना माझ्याही कमरेतून एक सणक जायची. दोन वर्षं जातेय. पलंगावर वाकून दुसऱ्याची पाठ चोळताना आपली कुठं जाते, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. यांच्या दुखण्याला एक्सरे होता, फाइल होती, बाई होती. माझं नुसतंच दुखायचं. खोटं कशाला बोलू, मला यांच्या दुखण्याचाही हेवा वाटायचा.

तीन आठवड्यांनी श्वासबाई सुट्टीवरून आली ती जरा सावळी होऊन. कागद हातात घेतला, आणि ओळीनं एकवीस फुल्या बघून तिच्या भुवया वर गेल्या. ‘एकदाही नाही?’ ‘नाही जमलं,’ हे म्हणाले. पन्नाशी उलटलेला माणूस, पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा. ‘झोपा बघू.’ मी स्टुलावर, पर्स मांडीवर. मला कळत होतं आता काय होणार, आणि तरी मी उठून काही बोलले नाही. तिनं बोटं ठेवली. श्वास सोडायला सांगितलं. मग बराच वेळ तिची मान एका बाजूला कललेली. ‘अहो काका,’ ती म्हणाली, ‘हे येतंय की! नुसतं येत नाही, उत्तम येतंय. दोन्हीकडून.’ यांनी डोळे उघडले. यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं. ‘तुमच्या हाताखाली येतं बघा,’ हे म्हणाले. ‘घरी नाही येत.’ माझंच खोटं. मीच बेतलं, मीच शिवलं, आणि ते अंगात घालून ती माझ्यासमोर मिरवत होती. मला ठाऊक होतं की यांच्या पोटाला तिचा हात आणि माझा हात सारखाच. रोज माझ्या बोटांखाली आलेलं होतं ते. तरी मी जळून कोळसा झाले. स्वतःच्या खोट्यावर विश्वास ठेवून जळायला काय लागतं, ते मला विचारा.

‘काकू, तुम्ही बोटं कुठं ठेवता, दाखवा बरं.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी गादीशी बसले, बोटं ठेवली. ‘जागा तर बरोबर आहे. काका, करा. हं, काकू, लागतंय?’ लागत होतं. आंधळ्यालाही लागलं असतं. आता दोनच वाटा होत्या, मी खोटं बोलले म्हणायचं किंवा माझ्या बोटांना दिसत नाही म्हणायचं. ‘आत्ता लागतंय,’ मी म्हटलं. ‘घरी माझीच बोटं चुकली असतील.’ बावीस वर्षांत मी माझ्या बोटांवर लाल बाण पहिल्यांदा लावला. ‘होतं असं,’ श्वासबाई म्हणाली, ‘सरावानं जमतं,’ आणि तिनं ते तिथंच सोडून दिलं असतं. ती वाईट नव्हती. पण गादीवरून, छताकडेच बघत, यांचा आवाज आला. ‘नाही. हिची बोटं चुकत नाहीत.’ पलीकडच्या गादीवर कुणाचा तरी चेंडू निसटला आणि भिंतीवर आपटून परत आला. यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग अगदी कामाच्या आवाजात यांनी तिला विचारलं, ‘पहिल्या तारखेला मी उभा राहीन का?’ तिनं कागद घडी केला, पुन्हा उघडला. ‘पुढचं मागंच सुरू झालं असतं तर राहिला असता. आता अजून पाच-सहा आठवडे धरा काका. घाई केलीत तर होतं तेही जाईल.’ मी उठायला गेले आणि हात सवयीनं कमरेवर गेला. तेवढं मात्र तिनं बघितलं. ‘तुमचीही दुखते? केव्हापासून?’ ‘होतील दोन वर्षं.’ आता यांनी मान वळवली. ‘मग तुम्हीही हेच सुरू करा,’ ती म्हणाली. ‘काका ठेवतील बोटं.’

बाहेर एक लांब बाक होता. हे त्यावर बसले, सरळ, तिनं शिकवलं होतं तसे, आणि मॅनेजरला फोन लावला. ‘नाही जमणार पहिल्या तारखेला. हो. द्या टेबल.’ मग बराच वेळ ऐकत राहिले. ‘नाही नाही, दोष कुणाचा नाही. मलाच यायला वेळ लागला.’ फोन खिशात ठेवला. ‘नवा मास्तर उंच आहे म्हणे,’ हे म्हणाले आणि नाकातून हसले. ‘टेबलाखाली ठोकळे घालणार आहेत. चार बोटं.’ यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. रस्त्यात, लोकांदेखत, हात उगारावा असंही वाटलं. एक बस आली, गेली. ‘तुम्ही मला विचारणार नाही का?’ मी म्हटलं. ‘काय?’ ‘का केलंस म्हणून.’ यांनी जरा विचार केला. ‘त्या वेळी माझ्या पाठीत गाठ नव्हती,’ हे म्हणाले. ‘बटणवालीचं सांगितलं तेव्हा.’ समोरासमोर, उजेडात, माझ्याकडे बघत म्हणाले. अठरा वर्षं हे यांना ठाऊक होतं आणि तरी रोज पाठ माझ्या हातात देत होते. मला रडू आलं, पण बस आली म्हणून ते राहून गेलं.

घरी आल्यावर यांनीच गादी पसरली. मला वाटलं आता झोपतील, मी सवयीनं गुडघे टेकायला गेले. ‘तू झोप,’ हे म्हणाले. मी उताणी झाले. फरशीवरून आमचं छत मी कधी बघितलं नव्हतं. एक बारीक भेग पंख्यापासून भिंतीपर्यंत गेली होती. तीन आठवडे हे तिच्याकडे बघत होते आणि मला बोलले नव्हते. हे भिंतीला धरून, आधी एक गुडघा मग दुसरा, सावकाश बसले, आणि यांची दोन बोटं माझ्या पोटावर, हाडाच्या आत आली. कात्रीनं घट्टे पडलेली, जाड बोटं. सत्तर थरांतला एक थर सरकला तर वरून ओळखणारी. मूल व्हावं म्हणून डॉक्टरांनी कितीदा तपासलं होतं ते पोट, पण यांनी तिथं असा कान लावल्यासारखा हात कधी ठेवला नव्हता. ‘श्वास सोड. आता आत. हळू.’ पहिल्यांदा काही आलं नाही, ते मलाही कळलं. ‘नाही,’ हे म्हणाले. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा आलं. आतून कुणीतरी माझी दोन्ही टोकं धरली, हळूच ताणली आणि ताणून धरली. कमरेखालची ती दोन वर्षांची सणक जरा मागं सरकून उभी राहिली. इतकं स्पष्ट की मला हसू आलं, छताकडे बघूनच. ‘आलं का हो?’ मी विचारलं. हे माझ्याकडे बघत होते. चोवीस वर्षांत आज दुसऱ्यांदा हे बोलणार होते आणि यांचा चेहरा माझ्यासमोर होता, आणि मला त्यावर काही वाचता येईना, राग नाही, थट्टा नाही. बोटं तिथंच होती. उचलावीशी वाटत नव्हती बहुतेक. ‘नाही,’ हे म्हणाले. ‘नाही आलं.’ माझा श्वास अडकला. ‘श्वास रोखू नकोस,’ हे म्हणाले.

‘बरं,’ मी म्हटलं. ‘पुन्हा.’